मुठीएवढी पिशवी: ओटीपोटाच्या दोन मॉडेलांचा दीड वर्षाचा अनुभव

गेल्या वर्षी जानेवारीत, सोलापुरातल्या गड्डा जत्रेची गर्दी ओसरल्यावर, मी माझ्या पेन्शनमधून दोन मॉडेलं घेतली. एक बाईच्या ओटीपोटाचं, मधोमध उभं कापून दाखवलेलं. दुसरं पुरुषाचं, तसंच. पहिलं 3,850 रुपयांना पडलं, दुसरं 3,400 ला. दोन्ही अंबाल्याहून आलेली. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांचं सामान बरंचसं तिथंच बनतं. नर्सिंगच्या मुलींनी, आशाताईंनी, दहावीला प्रजननाचा धडा शिकवणाऱ्या बाईंनी आणि सरांनी ही घ्यावीत का, आणि घेतली तर काय बघून घ्यावीत, हे मला घेताना सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितेय.

मी आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. 31 वर्षं नोकरी केली आणि त्यातली बरीचशी वर्षं तक्ता भिंतीला टांगून काढली. तक्त्यावर गर्भाशय समोरून काढलेलं असतं, दोन्ही बाजूंना नळ्या, बैलाच्या शिंगांसारख्या. बायका बघतात, मान हलवतात, घरी जातात. निवृत्तीनंतर मी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत महिन्यातून दोन शनिवारी बसायला लागले. तिथं बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत वळत ऐकतात. हात थांबला तर मजुरी थांबते, त्यामुळे त्यांना हात थांबवायला मी कधीच सांगितलं नाही. एका शनिवारी लक्ष्मीअक्कानं पान कापता कापता विचारलं, "सिस्टर, हे पोटात उभं असतंय का आडवं? आणि लघवीची पिशवी ह्याच्या पुढं का मागं?" मी तक्त्याकडे बघितलं. तक्त्यात पुढं-मागं काही नव्हतंच. हाताच्या खुणा करून सांगितलं, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. तिचा प्रश्न अगदी रास्त होता. मॉडेल घ्यायचं त्या दिवशी ठरलं.

दुकान नव्या पेठेतलं. नाव सांगत नाही, कारण माणूस चांगला आहे आणि पुढं जे घडलं त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. माल आला तेव्हा त्यानं खोकं वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून तयार ठेवलं होतं, सॅनिटरी पॅड देतात तसं. "मॅडम, घरी जाऊनच उघडा," म्हणाला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी तिथंच काउंटरवर उघडायला लावलं, आणि बरं झालं उघडलं. डाव्या अंडाशयाचा मागचा तुकडा निखळून खोक्याच्या तळाशी पडला होता आणि त्याची खुंटी मोडलेली होती. घरी नेऊन बघितलं असतं तर ते माझ्याच हातून तुटलं असं ठरलं असतं. त्यानं अंबाल्याला फोन केला आणि बारा दिवसांत दुसरं आलं, जादा पैसे न घेता. तुम्ही कुठूनही घ्या, ऑनलाइन घ्या की दुकानातून, पण समोर उघडून एकेक भाग मोजून घ्या. लाज वाटते म्हणून बंद खोकं उचललं की फसगत होते.

आता वस्तूबद्दल. बाईचं मॉडेल साधारण खऱ्या मापाचं आहे, लाकडी पाटावर बसवलेलं. मूत्राशय, गर्भाशय, योनीमार्ग, गुदाशय, पुढचं हाड, मागं माकडहाड, सगळं एका बाजूनं कापलेलं दिसतं. गर्भाशय आणि एक अंडाशय चुंबकावर आहेत, काढून हातात घेता येतात. बाकीचं घट्ट. रंग जरा भडक आहेत, मूत्राशय एकदम पिवळंधमक, पण त्याची तक्रार नाही, लांबून बघणाऱ्याला वेगळं ओळखता येतं. पहिले पंधरा दिवस प्लास्टिकचा उग्र वास येत होता. गच्चीत सावलीला ठेवल्यावर गेला. भागांवर आकडे छापलेत आणि सोबत नावांचा कागद येतो, तो फक्त इंग्रजीत. त्यात एक धडधडीत चूक आहे: मूत्रमार्गाचा आणि योनीमार्गाचा आकडा एकमेकांच्या जागी पडलाय. ज्या दोन गोष्टींचा बायकांच्या मनात सर्वांत जास्त गोंधळ असतो, नेमक्या त्याच. मी कागद बाजूला ठेवला आणि मराठीत नवा लिहिला.

हा गोंधळ किती खोल आहे ते सांगते. पहिल्याच बैठकीला मी मॉडेल फिरवून दाखवलं: बघा, पुढं लघवीची वाट, तिच्या मागं योनीमार्ग, आणि सगळ्यात मागं शौचाची वाट. तीन वाटा, तीन तोंडं. बावीस बायका होत्या. चार-चार लेकरांच्या आया होत्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींना लघवी आणि पाळी एकाच जागेतून येते असं वाटत होतं. एक म्हणाली, "म्हणून मी पॅड लावल्यावर लघवी दाबून धरायची." दुसरी तांबी बसवून घ्यायला घाबरत होती, लघवी अडेल म्हणून. यात त्यांचा काही कमीपणा नाही. आपण जिकडं कधी आरसा धरला नाही, जिचं नाव घरात कुणी घेतलं नाही, ती जागा माणसाला कशी कळणार? मूत्रमार्ग बाईचा जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषाचा अठरा-वीस. दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवली की हा फरक डोळ्यांना दिसतो, आणि बायकांना लघवीची जळजळ जास्त का होते, मागून पुढं न पुसता पुढून मागं का पुसावं, हे वेगळं समजवावं लागत नाही. दिवसभर विड्या वळताना उठायला नको म्हणून पाणी न पिणाऱ्या बायकांना हे कळणं फार गरजेचं आहे. नुसत्या एवढ्यासाठी घेतलं असतं तरी माझे पैसे वसूल होते.

पण मला या मॉडेलानं दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. गर्भाशयाचं माप.

आपण मराठीत पिशवी म्हणतो. वसाहतीतल्या तेलुगू बायका गर्भसंचि म्हणतात, तीही पिशवीच. अक्कलकोटकडच्या कानडी बायका गर्भकोश म्हणतात. पिशवी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बाजाराची पिशवी, सैल, लोंबणारी, आतून रिकामी. बायकांना विचारलं, हातानं दाखवा तुमची पिशवी केवढी असेल, तर कुणी दोन्ही हात पोटावरून फिरवते, कुणी नारळाएवढी म्हणते. मग मी गर्भाशय चुंबकावरून सोडवून त्यांच्या हातात देते. लेकरू नसतानाचं गर्भाशय साडेसात सेंटिमीटर लांब, पाच रुंद, अडीच जाड. उलट्या धरलेल्या लहान पेरूएवढं, ज्याच्या-त्याच्या मुठीत मावणारं. वजन साठ-सत्तर ग्रॅम. आत पोकळी म्हणावी अशी नसतेच, पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेली असते. आणि भिंत सगळी स्नायूची, जाड, चिवट. हाच स्नायू नऊ महिन्यांत स्वतःच किलोभर वजनाचा होतो, बाळाला बाहेर ढकलतो आणि सहा आठवड्यांत परत मुठीएवढा होतो. मॉडेलातलं गर्भाशय मी पट्टीनं मोजलं तर नऊ सेंटिमीटर भरलं. लेकुरवाळ्या बाईचं थोडं मोठं असतंच, त्यामुळे चालतं. कापलेल्या बाजूनं भिंतीची जाडी व्यवस्थित दाखवलीय, आणि गर्भाशय मूत्राशयावर पुढं ओणवं झालेलंही बरोबर आहे. लक्ष्मीअक्काचं उत्तर तिला तिथं मिळालं: उभंही नाही, आडवंही नाही, पुढं वाकलेलं. एक मात्र तोंडानं सांगावं लागतं. साधारण पाचातल्या एका बाईचं गर्भाशय मागं कललेलं असतं आणि तो काही आजार नाही. सोनोग्राफीच्या कागदावर तसं लिहून आलं की "पिशवी उलटी हाय" म्हणून रडत येणाऱ्या सुना मी नोकरीत खूप बघितल्या.

माप कळल्यावर पुढची गोष्ट आपोआप निघते. पिशवी काढण्याची. वसाहतीत दर दोन-चार घरांआड एखादी बाई भेटते जिनं तिशी-पस्तिशीत काढून टाकलीय. अंगावर पांढरं जातं म्हणून, पाळीत पोट दुखतं म्हणून, "आता लेकरं झाली, ठेवून काय करायचंय" म्हणून. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत 2019 मध्ये बीड जिल्ह्यातनं हा विषय सगळ्या राज्यासमोर आला. पण हे लोण फक्त फडावर नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 3.3 टक्के बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, कशानंच थांबत नाही असा रक्तस्राव असेल, तर काढावंच लागतं, तिथं मी कधी कुणाला अडवलं नाही. पण पांढऱ्या पाण्यावर औषध असतं. आणि पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर तिशीतल्या बाईला एका रात्रीत पन्नाशीचं शरीर मिळतं: अंगातून वाफा, झोप नाही, पुढं हाडं ठिसूळ. मॉडेलात अंडाशय वेगळं निघतं, हा त्याचा फार मोठा गुण आहे. बायका दोन्ही हातांत दोन तुकडे धरतात आणि विचारतात, "म्हणजे ही काढली तरी ही ठेवता येतीय?" येते. हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारायचा असतो, हे मॉडेल हातात आल्याशिवाय बाईला सुचत नाही.

एका सुनेनं मला गर्भाशय एका रात्रीसाठी घरी मागितलं. सासूला दाखवायचंय म्हणाली. मी दिलं. पुढच्या शनिवारी तिनं ते धुऊन, नव्या टॉवेलात गुंडाळून आणलं. मी विचारलं, काय म्हणाल्या सासूबाई? म्हणाली, "हातात घेऊन लई येळ बसल्या. मग विचारल्या, माझी काढली ती एवढीच होती का?"

टॉवेलावरून आठवलं. मॉडेलात गर्भाशयाचा आतला अस्तर म्हणजे नुसती एक लाल रेघ रंगवलीय. ही त्याची सगळ्यात मोठी उणीव, कारण पाळी म्हणजे काय हे सांगायचं तर सगळा खेळ त्या रेघेतच आहे. मी त्यावर आपला सोलापुरी उपाय काढला. टेरी टॉवेल. यातल्या बऱ्याच घरांचे पुरुष मागावर आहेत, टॉवेल कसा विणतात हे लहान पोरांनाही ठाऊक. खाली पायाचं घट्ट कापड, वर लूप. अस्तराचंही तसंच आहे. खालचा थर कायम राहतो, वरचा दर महिन्याला वाढतो. पाळी संपली की अंडाशयातून इस्ट्रोजेन वाढतं आणि लूप उभे राहायला लागतात. अंडं बाहेर पडलं की त्याच्या रिकाम्या जागेतून प्रोजेस्टेरॉन येतं, लूप मऊ, रक्तानं भरलेले, गर्भाला रुजायला तयार होतात. गर्भ आला नाही तर ती जागा साधारण चौदा दिवसांत सुकते, दोन्ही संप्रेरकं खाली येतात, बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात आणि वरचा थर सुटून येतो. पायाचं कापड तसंच राहतं, त्यावर परत विणायला सुरुवात. मी टॉवेलाचे लूप उपसून दाखवते, खालचं कापड तसंच राहिलेलं दाखवते. मग सांगते की हे रक्त घाण नाही, बाळासाठी अंथरलेलं अंथरूण आहे, पाहुणा आला नाही म्हणून काढून घेतलेलं. विटाळाचं जेवढं बोलायचं तेवढं इथं बोलून होतं.

किती जातं हेही मोजून दाखवते. खोकल्याच्या औषधाचं टोपण दहा मिलिलिटरचं. तीन-चार टोपणं लाल पाणी बशीत ओतलं की बायका म्हणतात, "एवढंच?" हो, अख्ख्या पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर. आठ टोपणांच्या वर गेलं, तासाला पॅड बदलावं लागलं, मोठमोठ्या गाठी पडल्या, तर ते अंगावर काढायचं नाही. आणि चक्र 28 दिवसांचंच हवं असंही नाही, 21 ते 35 मध्ये कधीही चालतं.

अंडाशयाचं काम मॉडेलात बरं आहे पण एक चूक फार चुकीचं शिकवते. अंडनलिकेचं झालरीचं टोक अंडाशयाला चिकटवून टाकलंय, नळाला पाइप जोडतात तसं. खरं म्हणजे ते जोडलेलं नसतं. अंडं अंडाशयातून मोकळं बाहेर पडतं आणि झालरीची बोटं अंडाशयावरून फिरून त्याला आत ओढून घेतात. मी करवतीच्या पात्यानं ते टोक सोडवलं आणि त्याला लाल लोकरीची झालर लावली. विकणाऱ्यांनी हे मुळातच असं करायला पाहिजे. नळी आतून भरीव आहे, हीही खोट. खरी नळी दहा-बारा सेंटिमीटरची, अंडाशयाकडं रुंद आणि गर्भाशयात शिरताना भोक सुईच्या नेढ्याएवढं. अंडं आणि शुक्राणूचं मीलन त्या रुंद भागात होतं आणि पुढं तीन-चार दिवस प्रवास करून गर्भ गर्भाशयात येतो. नळीला आधी जंतुसंसर्ग होऊन गेला असेल तर गर्भ वाटेतच अडकू शकतो. पाळी चुकलीय, एका बाजूला कळ येतेय, चक्कर येतेय, तर सकाळची वाट न बघता सिव्हिल गाठायचं, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. नोकरीत एकीला उशिरा आणलेलं बघितलंय. ते अजून विसरले नाही.

अंड्याचं माप सांगायला खसखस आणते. अंडं मिलिमीटरचा दहावा भाग, खसखशीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान, तरी मानवी शरीरातल्या सगळ्यात मोठ्या पेशींपैकी एक. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख कच्ची अंडी असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि जन्मभरात बाहेर पडतात फक्त चारशेच्या आसपास. हे सांगितल्यावर एक आजी हिशोब करत बसल्या आणि म्हणाल्या, म्हणजे ही माझी नात माझ्या पोटातच होती की, लेकीबरोबर. अगदी बरोबर होतं त्यांचं.

जे मॉडेलात नाहीच, ते बोलणंही गरजेचं आहे. शिश्निका. लघवीच्या वाटेच्या वर असते ती, बायका दाणा म्हणतात. मॉडेलात तिथं रंगाचा एक ठिपका आहे, त्याला आकडासुद्धा दिलेला नाही. खरं म्हणजे बाहेर दिसतो तो फक्त शेंडा, बाकीचा अवयव आत दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोगतज्ज्ञ हेलन ओकॉनेल यांनी 1998 मध्ये शवविच्छेदन करून त्याचा पूर्ण आकार दाखवून दिला. पुरुषाच्या मॉडेलात शिश्नाचा प्रत्येक थर वेगळ्या रंगात, आणि इथं ठिपका. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. मी मातीचा आकार करून जोडलाय. बायका खाली बघतात, विड्या जरा जोरात वळतात, पण ऐकतात. बैठक संपल्यावर दोघी-तिघी मागं थांबतात आणि तेव्हाच खरे प्रश्न येतात.

गर्भाशयमुख मात्र या मॉडेलात सुरेख केलंय, त्याबद्दल करणाऱ्याला शंभर मार्क. योनीमार्गात पुढं आलेलं, मधोमध बारीक छिद्र असलेलं, बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं लागणारं. कर्करोगाची तपासणी इथं होते हे बोट ठेवून सांगता येतं. याचा आपल्या जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयानं टाटा स्मारकाबरोबर, शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत 1999 पासून 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. ज्या गावांत गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, तिथं या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. 2009 मध्ये ते जगभर छापून आलं. आमच्या बायकांना मी म्हणते, अख्ख्या जगाला हे आपल्याकडच्या नऊवारीतल्या बायकांनी शिकवलं, आणि आपणच तपासायला लाजायचं? तिशीनंतर सरकारी केंद्रात व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून तपासणी होते, दोन-चार मिनिटांचं काम. मॉडेल आल्यापासून वसाहतीतून सोळा जणी जाऊन आल्या. तक्त्याच्या काळात इतक्या वर्षांत इतक्या गेल्या नव्हत्या.

पुरुषाचं मॉडेल घेऊ की नको, असं बरेच जण विचारतात. घ्याच. आधी घ्या, असंही म्हणेन. वृषण, अधिवृषण (वृषणाला चिकटलेली गुंडाळलेली नळी), शुक्रवाहिनी, शुक्राशय, पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट), पाचही भाग सुटे निघतात आणि वृषण कापलेलं असल्यानं आतल्या बारीक नलिका दिसतात. अधिवृषणाची गुंडाळी सोडवली तर साधारण सहा मीटर भरते, सहावारी साडीपेक्षा लांब, हे ऐकून मागवाले पुरुष सरसावून बसले. पोटाबाहेर वृषण का, तर शुक्राणू बनायला शरीराहून दोन ते चार अंश थंडावा लागतो. बनायला दोन-अडीच महिने लागतात. एका सुट्टीच्या दिवशी चौदा पुरुष जमले होते. नसबंदीचं निघालं. "नस कापल्यावर ताकद जाती, मॅडम. माग ओढायचा कसा?" मी शुक्रवाहिनी वेगळी काढून हातात दिली. ही कापतात, बिनटाक्याच्या नसबंदीत चिमूटभर जागेतून. ताकद देणारं टेस्टोस्टेरॉन या नळीतून जातच नाही, ते वृषणातून सरळ रक्तात उतरतं. वीर्यात शुक्राणूंचा वाटा शंभरात दोन ते पाचच, बाकी सगळा द्रव पुढच्या ग्रंथींचा, तो तसाच राहतो. फक्त नंतरचे तीन महिने निरोध वापरायचा आणि तपासणी करून घ्यायची, कारण पुढच्या वाटेत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात बायकांची नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुषांची 0.3 टक्के होती. बाईचं पोट उघडावं लागतं, पुरुषाचं नाही. त्या चौदांतल्या एकानं पुढं करून घेतली आणि आठवड्यात मागावर हजर झाला. त्याच्या तोंडून बाकीच्यांनी जे ऐकलं ते माझ्या शंभर बैठकांच्या तोडीचं होतं.

मुलगा-मुलगी कशी ठरते हे कुठल्याच मॉडेलात नाही. मी सोबत गुणसूत्रांच्या जागी कांड्या ठेवते, लाल म्हणजे एक्स, पिवळी म्हणजे वाय. बाईच्या डब्यात सगळ्या लाल, पुरुषाच्या डब्यात निम्म्या लाल, निम्म्या पिवळ्या. डोळे मिटून दोन्हीकडून एकेक उचलायची. लाल-लाल आली तर मुलगी, लाल-पिवळी तर मुलगा. पिवळी कुणाच्या डब्यात होती? एवढंच विचारते. पुरुषांच्या बैठकीत त्यानंतर थोडा वेळ कुणी बोलत नाही.

टिकाऊपणाचं सांगायचं तर आमचा उन्हाळा त्याला सोसत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलं होतं तर गर्भाशयाच्या चुंबकाचा गोंद सुटला आणि अंडाशयाची कड मऊ पडली. आता घरात, फरशीवर, सुती कपड्यात ठेवते. दोन ट्यूब मिसळून होतो त्या गोंदानं चुंबक परत बसवलं, वर्षभर हललं नाही. धुवायला साबणाचं पाणी पुरतं, स्पिरिट लावू नका, रंग उडतो. पाटाचे स्क्रू महिन्यातून एकदा आवळा. अंडाशय सुटं निघतं का, तीन वाटा वेगळ्या दिसतात का, गर्भाशयमुख पुढं आलेलं आहे का, हे बघूनच घ्या. पुठ्ठ्यावर चिकटवलेली दोन हजारांची स्वस्त मॉडेलं मिळतात, त्यांच्यात आणि तक्त्यात फरक नाही, पैसे घालवू नका.

नावांचा मराठी कागद मी त्या दुकानदाराला नेऊन दिला, चुकलेले आकडे दुरुस्त करून. त्यानं झेरॉक्स काढून ठेवल्यात, आता प्रत्येक खोक्यात एक घालतो. मागच्या महिन्यात एका शाळेच्या बाई मॉडेल घ्यायला आल्या तेव्हा मी तिथंच होते. त्यानं काळी पिशवी काढली नाही. खोकं काउंटरवर उघडलं आणि म्हणाला, "मॅडम, अंडाशयं दोन्ही आहेत का, मोजून घ्या."